कार्डांची मागची बाजू परत दिलीत, काका

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "असू दे गं पोरी" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला. आणि हे ज्यांच्या घरी ट्रंकेत, कपाटावर, माळ्यावर जुनी कार्डं पडलीयेत त्या सगळ्यांनीही वाचावं असं मनापासून वाटतं, कारण मी केलं ते त्यांनी करू नये.

झालं असं की गिरगावातली आमची चाळ रिकामी करायची होती, रीडेव्हलपमेंट, आणि त्या सामानात बाबांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात अकरा पिक्चर पोस्टकार्डं निघाली. माझ्या पणजोबांनी पाठवलेली. पणजोबा मुंबईत फोर्टात एका ऑफिसात कारकून होते आणि पणजी गुहागरकडच्या गावाला, सासूसासरे आणि पोरांना घेऊन. कार्डांवर आपली मुंबई. व्हीटी, समोरची म्युनिसिपालिटीची बिल्डिंग, राजाबाई टॉवर, फ्लोरा फाउंटन, क्रॉफर्ड मार्केट, हॉर्नबी रोड म्हणजे आताचा डी. एन. रोड, ताज, काळा घोडा, जीपीओ म्हणजे मोठं पोस्ट ऑफिस, वॉटसन हॉटेल आणि एक मलबार हिलवरून दिसणारी चौपाटी. काही काळीपांढरी, काही हाताने रंगवलेली. इतकी सुंदर की मला राहवेना. बाबांचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता, नवीन घराची भिंत मोकळी होती, म्हटलं मोठी फ्रेम करून देऊ सरप्राइज.

आमच्या इथल्या एका फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने अकराच्या अकरा कार्डं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाकली, लाकूडकामाला वापरतात त्या पांढऱ्या गोंदाने, पाठ पूर्ण माखून, का तर काचेखाली कोपरे उचलायला नकोत. मी विचारलं नव्हतं कसं लावणार, त्यानेही सांगितलं नाही. फ्रेम घरी आली तेव्हा मला तर छानच दिसत होती.

बाबांनी वाढदिवसाला कागद उघडला, दोन मिनिटं नुसतं बघत बसले आणि मग म्हणाले, "मागचं कुठे गेलं?"

मला तोपर्यंत खरंच कळलं नव्हतं की आपण काय केलंय. मागे मोडीत लिहिलेलं होतं, आमच्यात मोडी कुणालाच येत नाही, आजोबा गेल्यावर ते कुणी वाचलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या डोक्यात ते जमेतच नव्हतं, कार्ड म्हणजे चित्र एवढंच. बाबांच्या डोक्यात मात्र कार्ड म्हणजे त्यांच्या आजोबांचं अक्षर होतं. ओरडले नाहीत ते. नुसतं फ्रेमच्या मागच्या बाजूला हात फिरवून बघितला, आणि तो हात मला अजून दिसतो.

त्यानंतर तीनचार जणांना विचारलं. एकाने सांगितलं पाण्यात भिजवा आपोआप सुटतील, एकाने सांगितलं हेअर ड्रायर मारा, आणि जुन्या वस्तूंचा धंदा करणारा एक जण म्हणाला आता यांना किंमत नाही, फ्रेमसकट देता का. मी भिजवणार होते काका. बादली काढली होती. त्याच संध्याकाळी बाबांच्या ओळखीच्या एका लायब्ररीयन बाईंनी तुमचा नंबर दिला आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "पाणी लावलं नाहीस ना?"

लालबागला तुमच्या घरी आले त्या पहिल्या रविवारी तुम्ही फ्रेम उघडलीत, चित्रांकडे बघितलंही नाहीत, सरळ पुठ्ठ्याची कड अंगठ्याने चाचपलीत. मग सांगितलंत की शाई पाण्याची आहे, हाताने भरलेले रंगही पाण्याचे असू शकतात, भिजवलं असतं तर पुढचंही गेलं असतं आणि मागचंही. कार्ड पुठ्ठ्यापासून सोडवायचं नाही, पुठ्ठा कार्डापासून सोडवायचा. मला तेव्हा यातला फरक कळला नाही, पाच रविवार बघून कळला.

अडतीस वर्षं लायब्ररीत बाइंडिंग केलेला तुमचा हात, आणि त्या हातात ती लांब पातळ सुरी. काच ठेवलीत, तिच्यावर टिपकागद, त्यावर कार्ड पालथं. आणि पुठ्ठा मागून सोलायला घेतलात, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, एक थर, मग दुसरा. सुरी नेहमी आडवी, टोक कधीच कार्डाकडे नाही. शेवटचा थर इतका पातळ राहिला की उजेडाला धरला तर पलीकडचा राजाबाई टॉवर उलटा दिसायला लागला, तिथे तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मग खळ. साधी मैद्याची खळ, पण शिजवून घट्ट केलेली, चमच्यातून पडणार नाही अशी. मी विचारलं ओलं कापड का नको, तर म्हणालात कापड पाणी ओततं, खळ पाणी पाजते. बोटाच्या पेराएवढ्या जागेवर लावायची, थांबायचं, गोंद फुगून दुधासारखा पांढरा झाला की हाडाच्या पट्टीने हळूच गुंडाळत काढायचा, लगेच टिपकागद दाबायचा, मग पुढचं पेर. एका कार्डाला तासन्तास. पहिली ओळ दिसली तेव्हा तुम्ही काही बोललात नाही, नुसतं बाबांना खुर्ची जवळ ओढायला सांगितलंत.

क्रॉफर्ड मार्केटचा कोपरा गेला, ते तुम्ही लपवलं नाहीत. तिथे गोंद कागदाच्या आत उतरला होता आणि कार्डाचा थरच उचलला गेला. तुम्ही तो तुकडा जपानी टिश्यूने, म्हणजे पातळ पण चिवट कागदाने, मागून धरून ठेवलात आणि मला म्हणालात जोड दिसू दे, दिसायलाच पाहिजे, पुढच्या माणसाला कळायला हवं इथे हात लागलाय.

आणि ताजचं कार्ड! त्याची मागची बाजू मोकळी झाली आणि निम्म्या ओळी पुसटच, शाई गायब. मला रडू आलं. तुम्ही सोललेला शेवटचा पापुद्रा फेकला नव्हता, टिपकागदात दाबून ठेवला होता. तो भिंतीवरच्या दाढीच्या आरशासमोर धरलात आणि त्यात पणजोबांचं अक्षर, गोंदाबरोबर निघून आलेलं, आरशात सरळ. त्या लपेटलेल्या मोडीवरून तुमचं बोट फिरत होतं आणि तुम्ही मोठ्याने वाचत होतात. सात रुपयांची मनिऑर्डर केली आहे, गाय व्याली का ते कळवणे, आणि आईच्या पायाला तेल लावत जा. ताजबद्दल एक अक्षर नाही. एवढं मोठं हॉटेल पुढच्या बाजूला आणि मागे गाय आणि तेल. बाबांनी तीनदा वाचायला लावलं तुम्हाला.

त्या कार्डावरचं तिकीट कुणीतरी कधीच काढून नेलेलं, त्याच्याबरोबर शिक्क्याचं सालही गेलं. तुम्ही म्हणालात साल चित्रात असतं, बघ. ताज आहे, म्हणजे १९०३ च्या नंतरचं. समोर अपोलो बंदरावर गेटवे नाही, आणि गेटवे खुलं झालं १९२४ ला, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. हॉर्नबी रोडवर ट्राम आहे पण पुढे घोडे नाहीत आणि वर तारा आहेत, विजेची ट्राम १९०७ ला आली, म्हणजे त्याच्या अलीकडचं. जीपीओ १९१३ मध्ये पूर्ण झालं, त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, तर ते कार्ड सगळ्यात उशिराच्या गठ्ठ्यातलं. आणि लगेच सावधही केलंत, की फोटो एकदा काढला की वर्षानुवर्षं तोच छापत राहायचे, त्यामुळे चित्रावरून कार्डाबद्दल फक्त "याच्या आधीचं नाही" एवढंच म्हणायचं. मी आयुष्यभर व्हीटीवरून लोकल पकडली, पण मुंबईकडे असं कधी बघितलं नव्हतं. आता कुठलाही जुना फोटो दिसला की आधी तारा शोधते.

भिंगातून रंगही दाखवलेत. राजाबाई टॉवर कार्डावर गुलाबी, आणि प्रत्यक्षात तो कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. खाली बारीक अक्षरात छपाई जर्मनीतली. म्हणजे इथे काढलेला काळापांढरा फोटो बोटीने तिकडे गेला, तिथे कुणीतरी मुंबई न बघताच त्याच्यात रंग भरले, कार्ड परत बोटीने इथे आलं, पणजोबांनी फोर्टात कुठेतरी घेतलं आणि पुन्हा बोटीनेच कोकणात धाडलं. त्याच्या मागे काय, तर या घड्याळावर मी माझं घड्याळ लावतो, एवढंच. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिलेला टॉवर, १८७८ ला बांधून झालेला, आणि आमच्या घरात त्याची नोंद ही अशी.

पण मला सगळ्यात जास्त ज्यासाठी आभार मानायचेत ते हॉर्नबी रोडच्या कार्डासाठी. त्या कार्डावर उजवीकडच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीत काळा ठिपका होता. लहानपणापासून बघत आले, माशीने घाण केली असेल असंच सगळे म्हणायचे, आणि मी फ्रेमवाल्याला तो पुसता आला तर बघ असंही सांगितलं होतं, नशीब त्याने विसरून तसाच ठेवला. तुम्ही मागची बाजू वाचलीत. पणजोबांनी पणजीला लिहिलं होतं की चित्रात शाईचा टिपका दिला आहे तिथे मी बसतो, खिडकीतून वारा येतो, काळजी करू नये.

तुम्ही कार्ड उलटं केलंत, बाबांच्या हातात भिंग दिलंत आणि उठून आत पाणी प्यायला गेलात. तुम्हाला तहान लागली नव्हती काका, मला कळलं ते.

पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन गेले डी. एन. रोडला. कमानींखालच्या फुटपाथवर चार्जर, कव्हरं, बेल्ट विकणाऱ्यांची गर्दी, वर बघायला कुणाला वेळ नाही. आम्ही समोरच्या बाजूला उभं राहून कार्डाच्या फोटोवरून बिल्डिंग शोधली, कमानी मोजल्या, मजले मोजले, आणि खिडकी आहे! आता तिच्यात एसीचं खोकं बसवलंय, पण वरची दगडी महिरप तीच. बाबा पाऊण तास उभे होते, बसा म्हटलं तर बसले नाहीत.

तिथून टॅक्सीने राणीच्या बागेत नेलं, भाऊ दाजी लाड म्युझियमपाशी, काळा घोडा बघायला. त्या कार्डावर आजोबांसाठी निरोप होता, ते तेव्हा पाचसहा वर्षांचे असतील, की हा घोडा आपल्या खोताच्या घोड्याहून मोठा आहे पण चालत नाही. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला तेव्हा बाबा वीस वर्षांचे, त्यांनी तो मूळ जागी रोज बघितलेला, १९६४ ला बंद होईपर्यंत ट्रामनेही फिरलेले. मला हे माहीतच नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. घरी येईपर्यंत बोलत होते, कुठली ट्राम कुठे वळायची, तिकीट कसं फाडायचे, पावसात रूळ कसे चमकायचे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पाच रविवार, टिपकागद, टिश्यू, सगळं तुमचं. मी पाकीट ठेवलं ते तुम्ही काकूंकडून आमच्या डब्यात परत घातलंत, घरी आल्यावर सापडलं. त्याऐवजी एकच काम सांगितलंत की सगळ्या कार्डांचं दोन्ही बाजूंनी स्कॅन कर आणि मागच्या मजकुराचं वाचन देवनागरीत लिहून प्रत्येकाबरोबर ठेव, म्हणजे पुढच्यांना माझ्यासारखा मोडीवाला शोधायला लागू नये. ते पूर्ण झालंय. वाचन बाबांनी स्वतःच्या हाताने उतरवलंय, तुमच्या कच्च्या कागदांवरून. चौपाटीच्या कार्डावरचे दोन शब्द तुम्हाला लागले नव्हते, तिथे त्यांनी रिकामी जागा सोडलीय, अंदाजाने भरायचं नाही म्हणाले.

भिंतीवर आता स्कॅनच्या प्रिंट आहेत, पुढची आणि मागची बाजू शेजारी शेजारी. खरी कार्डं तुम्ही दिलेल्या पाकिटांत, उभी, डब्यात, डबा कपाटात मधल्या खणात, बाहेरच्या भिंतीला टेकवलेला नाही.

आणि एक बातमी, जी फोनवर मुद्दाम सांगितली नाही. गावच्या घराची कौलं उतरवताना चुलतभावाला आढ्याखालच्या फळीवर आणखी दोन कार्डं मिळालीयेत, एक बहुतेक बोरीबंदरचं. एकमेकांना चिकटलेली आहेत. त्याला लगेच फोनवर ओरडून सांगितलं की ओढू नकोस, पाणी लावू नकोस, वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस. कोऱ्या पांढऱ्या कागदात ठेवून तो येत्या गुरुवारी घेऊन येतोय. रविवारी आम्ही तिघं येतो, बाबा विचारतायत सकाळी नऊला चालेल का.

तुमची,
डोंबिवलीची पोरगी