व्हीटस्टन फक्त ब्रिजपुरते नाहीत

महोदय,

बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. मीटर ब्रिज या अज्ञात विद्युतरोध मोजण्याच्या साधनाच्या तारेवर जॉकी (टेकवायची धातूची टोकदार कळ) टेकवत नल पॉइंट, म्हणजे प्रवाहमापक शून्य दाखवतो ती जागा, शोधणारी किती मुले पाहिली, याची गणती नाही. पण हे साधन ज्या 'व्हीटस्टन ब्रिज'वर बेतलेले आहे, त्याचे नावधारी चार्ल्स व्हीटस्टन हा माणूस मला निवृत्तीनंतर कळला.

निमित्त नातीचे. पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा डोळ्यांना लावून तिने विचारले, "आजोबा, सपाट चित्र खोल कसं दिसतं?" उत्तर शोधता शोधता १८३८ सालापर्यंत गेलो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्यांच्या मेळातून खोली जाणवते, हे व्हीटस्टन यांनी काटकोनात ठेवलेल्या दोन आरशांच्या साधनाने रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. छायाचित्रण तेव्हा जगजाहीरही झाले नव्हते. त्यांनी साध्या रेघांची चित्रे वापरली. नाव वाचून थबकलो. आपल्या ब्रिजवाले ते हेच? हेच!

मग वाचतच गेलो. घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे. १८२१ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्यांनी लंडनमध्ये छतापासून टांगलेली एक 'जादूची' वीणा लोकांना ऐकवली. वाजवणारा कुणीच दिसत नसे. वरच्या खोलीत वाजणाऱ्या वाद्यांची कंपने तारेतून खाली उतरत. १८२९ मध्ये त्यांनी ज्या वाद्याचे पेटंट घेतले, त्यातूनच कॉन्सर्टिना आकाराला आली. आपल्या पेटीसारखेच भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या कंपित करून वाजणारे हे वाद्य, पण दोन हातांत मावणारे. ध्वनी तारेतून जातो हे ज्याने कोवळ्या वयात पाहिले, त्याने १८३७ मध्ये विल्यम कुक यांच्यासोबत विजेच्या तारायंत्राचे पेटंट घेतले, याचे मला आता नवल वाटत नाही.

आणि गुप्तलिपी! पाच बाय पाच चौकटीत अक्षरे मांडून जोडीजोडीने संदेश लपवण्याची पद्धत त्यांनी १८५४ मध्ये शोधली. ती ओळखली जाते मात्र लायन प्लेफेअर या त्यांच्या मित्राच्या नावाने, कारण तिचा पुरस्कार प्लेफेअर यांनी केला. उलट ज्या ब्रिजमुळे आपण व्हीटस्टन यांना ओळखतो, तो सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ मध्येच मांडला होता. व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये त्याचे श्रेय ख्रिस्ती यांना मोकळेपणाने दिले. हे मी एकाही वर्गात सांगितले नाही, याची फार खंत वाटते.

आपल्या अंकात बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पान येते. त्यात सूत्रांशेजारी या माणसांसाठी चार ओळींची जागा ठेवावी, ही कळकळीची विनंती. गाण्याची आवड असलेल्या, कोडी सोडवणाऱ्या आणि पदार्थविज्ञानाला घाबरणाऱ्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. व्हीटस्टन यांची वीणा त्यांना आधी ऐकवायला हवी होती, ब्रिज नंतर.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा