‘सोयीची’पासून ‘वेळ’पर्यंतचा बाण: बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई यांस,
सा. न. वि. वि.

आपले आभार तोंडी मानून झाले आहेत, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ‘कन्व्हीनियंट’ हे इंग्रजी विशेषण कामकाजाच्या पत्रांत आणि फोनवर पदोपदी लागते. भेट ठरवायची असो, बैठकीची वेळ पुढे ढकलायची असो किंवा कुणाला बोलावून घ्यायचे असो, हा शब्द टाळता येत नाही. असे असूनही ‘आय ॲम कन्व्हीनियंट टुमॉरो’ हे वाक्य इंग्रजीत का चालत नाही, याचे कारण आपल्याआधी मला कुणीही सांगितले नव्हते.

विचारले मात्र अनेकांना होते. भरपूर फी घेणाऱ्या एका वर्गात ‘इंग्रजीत असेच असते, पाठ करून टाका’ असे सांगून पुढचा धडा सुरू करण्यात आला. इंग्रजी उत्तम येते अशी ख्याती असलेल्या एका गृहस्थांनी तर प्रश्न ऐकताच शेजाऱ्याकडे पाहून नुसते स्मित केले. त्या स्मिताचा राग अजून गेलेला नाही, आणि तो मी लपवतही नाही. मी भाषेविषयी विचारले होते. मला मिळालेले उत्तर माझ्या पात्रतेविषयी होते.

आपण लाल पेन हातातसुद्धा घेतले नाही. माझ्या इंग्रजी वाक्यावर काट मारली नाही. ‘हेच मराठीत कसे म्हणाल, ते खाली लिहा,’ एवढेच सांगितलेत. मी लिहिले: ‘उद्या पाचची वेळ मला सोयीची आहे.’ मग आपण पेन्सिलीने ‘सोयीची’मधल्या ‘ची’खाली रेघ ओढली, तिथून ‘वेळ’ या शब्दापर्यंत एक लहानसा बाण काढला आणि काही न बोलता पेन्सिल माझ्या हातात दिलीत. पुढचा बाण मी काढावा, अशी आपली अपेक्षा होती. बाई, माझ्यासाठी सारे काही त्या पेन्सिल पुढे करण्यात होते. उत्तर माझ्याजवळ आधीपासून आहे, असा विश्वास त्याआधी कुणी माझ्यावर दाखवला नव्हता.

आणि उत्तर खरोखरच माझ्याजवळ होते. बोलणारी स्त्री असो वा पुरुष, वेळ ‘सोयीची’च राहते, रस्ता ‘सोयीचा’ असतो आणि ठिकाण ‘सोयीचे’. मराठीतले असे विशेषण ज्या नामाचे असते त्याच्या लिंगाप्रमाणे रूप घेते आणि आपण कुणाचे आहोत हे स्वतःच सांगते. इंग्रजी विशेषणाचे रूप बदलत नाही, त्यामुळे ते कुणाला चिकटले आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि सारा घोळ तिथे होतो. सोय माणसाची असली, तरी सोयीची असते ती वेळ, जागा किंवा व्यवस्था. माणूस वाक्यात येतो तो ‘मला’ होऊन, म्हणजे चतुर्थीत, आणि इंग्रजीत हेच काम ‘फॉर मी’ करते. म्हणून ‘फाइव्ह ओक्लॉक इज कन्व्हीनियंट फॉर मी’ बरोबर आणि समोरच्याला विचारताना ‘वुड टुमॉरो बी कन्व्हीनियंट फॉर यू?’ बरोबर. औपचारिक पत्रात ‘कन्व्हीनियंट टू यू’ असेही लिहितात. ‘उद्या येणे मला सोयीचे आहे’ या वाक्यातल्या ‘सोयीचे’वरून मी बाण काढला तो थेट ‘येणे’वर गेला, आणि ‘इट इज कन्व्हीनियंट फॉर मी टू कम टुमॉरो’ यातला तो ‘इट’ उगाच आलेला नसून वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘टू कम’ची जागा आधी धरून बसलेला आहे, हे मला त्या क्षणी कळले.

माणसाविषयीच बोलायचे असेल, तर ‘आय ॲम फ्री’ किंवा ‘आय ॲम अव्हेलेबल’ म्हणावे, हेही आपण सांगितलेत. माणसालाच ‘कन्व्हीनियंट’ म्हटले, तर तो हवा तेव्हा वापरून घेण्याजोगा आहे असा अर्थ निघू शकतो. मराठीतही ‘सोयीचा माणूस’ म्हणजे स्तुती नव्हेच. ‘सोयीस्कर विसर’ म्हणताना जो खोचकपणा असतो, तोच ‘कन्व्हीनियंटली फरगॉट’मध्ये आहे, हे आपण दाखवलेत, तेव्हा हा परका शब्द मला फारच ओळखीचा वाटू लागला.

बाण सगळीकडे चालत नाही, हे आपण लपवले नाही, याचे मला विशेष मोल वाटते. ‘हे गणित मला सोपे आहे’ या वाक्यात बाण ‘गणिता’कडे जातो आणि इंग्रजी वाक्यही तसेच होते, पण ‘शी इज ईझी टू प्लीज’ हे वाक्य शुद्ध आहे आणि त्यात ‘ईझी’ माणसापुढेच उभे आहे, कारण खूश करायचे ते तिलाच. ‘कन्व्हीनियंट’ मात्र माणसापुढे असे सहसा येत नाही. नियम सांगितल्यावर त्याची हद्दही त्याच बैठकीत दाखवणारे शिक्षक फार थोडे असतात. ज्ञान पुष्कळांजवळ असते. ते देताना समोरच्याची मान खाली जाऊ नये याची काळजी घेणे हा निराळा गुण आहे, आणि त्याला मी विद्वत्तेपेक्षा वरचे स्थान देते. ज्याला येते त्याने, ज्याला येत नाही त्याच्याशी कसे वागावे, यावरून माणसाची पारख होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

गेल्या आठवड्यात कार्यालयातल्या एका नव्या मुलीने हाच प्रश्न मला विचारला. मी तिच्याकडून आधी मराठी वाक्य लिहून घेतले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने बाण बरोबर काढला, पण लगेच पुढचा प्रश्न केला: ‘सूटेबल’ वेळेलाही लागते आणि माणसालाही लागते, मग ‘शी इज सूटेबल फॉर द पोस्ट’ चालते आणि ‘शी इज कन्व्हीनियंट फॉर द मीटिंग’ का चालत नाही? ‘या पदासाठी ती योग्य आहे’ असे मराठी वाक्य आम्ही लिहून पाहिले, पण ‘योग्य’ कुठल्याच लिंगात रूप बदलत नाही, त्यामुळे बाण कुठे न्यावा हे शब्दावरून दिसेना. अर्थावरून पाहता तो ‘ती’कडेच जातो असे मी तिला सांगितले आहे. ते बरोबर आहे का, हे आपण सवडीने कळवावे. तिच्या वहीत तेवढी जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी