सोमवारी मिस्त्री येणार आहेत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून पाठवतेय. सोमवारी सकाळी मिस्त्री येणार आहेत. बाथरूमची फरशी उखडून खरखरीत, मॅट टाइल बसवायची, कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत धरायला दांडे लावायचे, आणि स्वयंपाकघरातल्या पिंपापर्यंत नळाची पाइप न्यायची, आत बॉलकॉकसकट, म्हणजे पिंप भरलं की पाणी आपोआप बंद होईल. दादाशी बोलणं झालंय, अर्धे पैसेही देऊन झालेत. तेव्हा "दिवाळीनंतर बघू" हे यावेळी नको.

बाबा, हॉलच्या फरशीला कुणी हात लावणार नाही. रिटायर झाल्यावर सांगलीतली सगळी दुकानं पालथी घालून तुम्ही ती निवडलीत, माहीत आहे मला. पण व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. सांडलेलं पाणी वर तसंच पडून राहतं, आणि त्या चकाकीत पाणी कुठलं नि फरशी कुठली हे माझ्या डोळ्यांना कळत नाही, तर तुमच्या मोतीबिंदूला काय कळणार? जुनी शहाबादी ओबडधोबड होती, पण पाय धरून ठेवायची. उन्हाळ्यात दुपारी आई तिच्यावर पाण्याचा हबका मारायची आणि मी नि दादा पालथे पडून पोट गार करून घ्यायचो. माझ्या हातून तांब्या कलंडला की तुम्ही म्हणायचात, "असू दे, फरशीला तहान लागली होती." हल्लीच्या फरशीला तहानच लागत नाही हो बाबा.

बाथरूमचं दुखणं वेगळं. तिथला ढाळच बिघडलाय. पाणी जाळीकडे जायचं सोडून बंबाच्या कोपऱ्यात साचतं आणि त्यावर साबणाचा बुळबुळीत थर धरतो. वरून कितीही घासलं तरी तो परत येणार, म्हणून उखडायचंच ठरवलं. बंब आहे तिथेच राहील. बाबांचा अंघोळीचा पाट जाऊन प्लॅस्टिकचं उंच स्टूल येईल एवढंच, खाली बसून उठताना गुडघ्यांना त्रास नको. काम चालू असेपर्यंत अंघोळ वरच्या मजल्यावर करा, काकूंना विचारून ठेवलंय. गरम पाण्याची सोय आहे तिकडे.

आई, आता तू. तू घसरून पडलीस ते काकूंनीच सांगितलं मला, पण त्यांच्यावर रागावू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. "नुसती टेकले" म्हणशील तू. मिरजेच्या आत्याचंही आधी नुसतं टेकणंच होतं ना गं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढची सगळ्यांत जास्त. घाबरवायला नाही लिहीत. तुझी हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनीच सांगितलंय आणि बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आपल्या घरात पडणं म्हणजे खरचटण्यावर भागणार नाही, म्हणून हा सगळा आटापिटा.

पहाटे नळ आला की तू कळशी घेऊन बाथरूम ते पिंप अशा खेपा घालतेस, वाटेत थेंब थेंब सांडतं, आणि मग ते पुसायची तुझी पद्धत! एक हात ओट्यावर, एका पायावर उभी, दुसऱ्या पायाने फडकं गोल गोल फिरवायचं. तेही जुन्या सिंथेटिक साडीचं, जे पाणी टिपत तर नाहीच, उलट फ्रीजपर्यंत पसरवतं. लहानपणी मला ते नाचासारखं वाटायचं. परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं तर पोटात गोळा आला. पाइप आली की खेपा बंद.

तरीही पाणी सांडणारच, घर आहे. सांडलं की जुना सुती पंचा किंवा टॉवेल लांबूनच त्यावर टाकायचा, टिपू द्यायचं, मग लांब दांड्याच्या मॉपने बाहेरून आत पुसत यायचं आणि शेवटी कोरडं फडकं. तोवर तिथे एक खुर्ची आडवी ठेव, म्हणजे बाबा चहा घेऊन तिकडे जाणार नाहीत. तेल सांडलं तर आधी पीठ भुरभुरव, मग साबणाचं पाणी. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना सांग, बादलीत साबण नावाला टाका आणि पंखा लावून वाळू द्या. साडीची पायपुसणी आता गुंडाळून ठेव. तू स्वतः शिवलीत, मऊही आहेत, पण ती पायाखालून सरकतात. रबरी तळाची पाठवलीत.

बाबा, तुमच्या चपलेचा तळ टाचेकडे इतका झिजलाय की खालची जमीन दिसते. पट्टे बदलून आणखी किती वर्षं काढणार? नवी जोडी कुरियरने येतेय, घरात तीच घालायची. रात्री उठलात की बीपीच्या गोळीने गरगरतं, म्हणून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. आणि फ्रीजमागे जमिनीवर पडलेला तो एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर लावून घ्या. खाली पाणी आलं तर शॉक बसेल.

मला रजा मिळाली असती तर मीच समोर उभी राहिले असते. दादा शनिवारी येतोय, पण त्याला ढाळातलं काही कळत नाही, तेव्हा देखरेख बाबांचीच. टाइल चिकटवण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा, सगळं जाळीकडे जातंय ना. दांडे ओढूनही बघा, आपलं पूर्ण वजन टाकून. मिस्त्रींना चहा द्यायचाच आहे, पण ट्रे दादा नेईल, आई.

आणि बाबा, उखडलेल्या टाइलचे तुकडे "लागतील कधीतरी" म्हणून माळ्यावर चढवू नका. मी दादाला सांगून ठेवलंय.

तुमची,
छकू