साहेबाचे ओटे आणि माझी होडी

ताई, सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. पण आमच्या कोकणच्या सहलीत तुम्ही गाईड होतात आणि गाडीतले सगळेच तुम्हाला ताई म्हणत होते, तेव्हा इथंही तेच. नाव लिहीत नाही, निघताना तुम्हीच नको म्हणालात. शेवटच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा मला दोन शब्द बोलायचे होते. पण माझा घसा दाटला आणि गाडी सुटली. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची सांगलीची भिशी म्हणजे चौदा बायका, आणि सहा जणींचे हौसेनं आलेले नवरे. कोल्हापूर, गगनबावडा करत घाट उतरलो. तळेऱ्याला तुम्ही गाडीत चढलात तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ही पोरगी काय इतिहास सांगणार?" ते आमचे हेच होते. आता माफी मागायला लाजतात, मी त्यांच्या वतीनं मागते.

विजयदुर्गावर तुम्ही तिहेरी तटबंदी दाखवलीत, आणि १७५६ साली हा किल्ला कसा पडला तेही आडपडदा न ठेवता सांगितलंत. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांची फौज, आणि तोफगोळ्यानं लागलेल्या आगीत आंग्र्यांचं सगळं आरमार जळून गेलेलं. "आपलेच आपल्यावर?" असं एका काकांनी विचारलं. तुम्ही "हो" म्हणालात आणि पुढं चालू लागलात.

मग आले ते साहेबाचे ओटे, म्हणजे किल्ल्यावरचे चौथरे. आमच्या ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं, की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबानं इथंच उभं राहून हेलियमचा शोध लावला. ते अभिमानानं सगळ्यांना सांगू लागले. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "काका, गोष्ट छान आहे, पण तशी नाही." त्या ऑगस्टमधलं ग्रहण जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, आणि सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरमध्ये तिकडूनच टिपली. विजयदुर्गाला तो खरोखर आला, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. "म्हणजे साहेब इथं आला हे खरं, शोध इथं लागला हे खरं नाही. मला दोन्ही सांगावं लागतं." ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. गाईड म्हणजे टाळ्या मिळतील ते सांगणारा माणूस, अशी माझी समजूत होती.

माझी खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची, मालवणच्या जेटीवरची.

तुम्हाला तिथं अर्धंच सांगितलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात. जिन्याच्या नवव्या पायरीला पाणी लागलं तेव्हा सासूबाईंना आणि मला होडीत घेतलं. अंधार होता, होडीत माणसं दाटली होती. गल्लीच्या वळणावर ती एका अंगाला कलली आणि सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की आठ दिवस वळ राहिला. होडी हाकणाऱ्यांना बोल लावत नाही, त्यांनीच आम्हाला काढलं. पण तेव्हापासून मी होडीत पाय ठेवला नव्हता. घाटावर गेले तरी पायऱ्या उतरत नाही.

जेटीवर सगळ्या जणी सुरू झाल्या. "अगं काही होत नाही", "डोळे मिट आणि बस", "एवढ्या लांब येऊन?" मैत्रिणींचा जीव आहे माझ्यावर, पण "काही होत नाही" हे पुरातही ऐकलं होतं. मी भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले आणि म्हटलं, तुम्ही जाऊन या.

तुम्ही पहिली होडी पुढं पाठवलीत, तुमच्या सोबत्याला तिच्याबरोबर दिलंत आणि माझ्याशेजारी येऊन बसलात. बसा म्हणाला नाहीत, चला म्हणाला नाहीत. समोर बोट करून सांगितलंत, की सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक आहेत, ओहोटीला ते उघडे पडतात, म्हणून होडी हाकणारा तांडेल सरळ जात नाही, वळसा घेतो. किल्ल्यासाठी हे कुरटे बेट शिवाजी महाराजांनी निवडलं त्यात या खडकांचाही वाटा. वाट माहीत नसलेलं जहाज जवळ येऊच शकत नाही. मग भरतीचा हिशोब शिकवलात : तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, त्या सुमाराला पूर्ण भरती. कालनिर्णय भिंतीवर असताना हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नदीचं पाणी कधी चढेल ते कोण सांगणार? समुद्राचं सांगता येतं, हे ऐकूनच छातीवरचं ओझं थोडं हललं.

आणि मग तुम्ही म्हणालात, "काकू, भीती वाटणार. होडी दोनदा हलेल. एकदा जेटी सोडताना, एकदा खडकांजवळ वळताना. मधल्या फळीवर बसलात तर कमी कळेल. माणसं मी मोजून घेईन. नाही यायचं तर मीही इथंच थांबते."

आदल्या दिवशी ओट्यांवर तुम्ही ह्यांना गोड वाटेल ते सांगितलं असतं, तर या बोलण्यावर मी विश्वास ठेवला नसता. मी उठले.

होडी दोनदाच हलली. तुम्ही सांगितलेल्या जागी. पहिल्या वेळी तुमचं मनगट मी धरलं. वळ राहिला असेल तर सांगा, लपवू नका. दुसऱ्या वेळी मी दरवाजा शोधत होते. तट अगदी समोर आला तरी दरवाजा कुठं दिसेना, बुरुजांच्या आड लपवलेला. भ्यायचं राहूनच गेलं.

किल्ल्याचं किती लिहू? २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी, जवळजवळ ४८ एकरांचा पसारा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर, हे सगळं मैत्रिणींना माझ्याहून चांगलं पाठ आहे. मी विहिरींपाशी रेंगाळले. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडं खारं पाणी आणि मधे गोडं. पुरात आम्ही पाण्यात बुडालेलो होतो आणि प्यायला घोट नव्हता, ते तिथं आठवलं. चुन्यातल्या हाताच्या ठशापाशी तुम्ही म्हणालात, "महाराजांचा म्हणतात. मी 'म्हणतात' असंच सांगते." तरी नमस्कार मात्र तुम्ही आमच्याआधी केलात.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा, १८८५ पासून परमुलखात अडकून १९१६ ला तिथंच मेलेला तो ब्रह्मदेशाचा राजा, तेही नीट सांगितलंत. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. मी मनात तिथीची पाऊणपट करत होते. एक तक्रार : जेवणात शाकाहारी माणसाला दोन दिवस बटाटाच मिळाला. सोलकढी होती म्हणून निभावलं.

भडंगाचे दोन डबे एसटी पार्सलनं धाडतेय. एक तुमचा, एक त्या तांडेलांचा. आमच्याकडं हे कमी तिखट समजतात, पण तुम्हाला खरं सांगते, तिखट आहे. आधी थोडं खाऊन बघा, आणि त्यांनाही तसं सांगा.

तुमची,
मधल्या फळीवरची काकू, सांगली