काकाच्या साहेबांचं पत्र, पुन्हा एकदा

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काका गेल्यावर त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचं आलेलं इंग्रजी पत्र तुम्ही परवा फोनवर सावकाश, शब्द लावत वाचून दाखवलंत. त्यातल्या ‘सॉरी फॉर युअर लॉस’चा अर्थ मी कामाच्या गडबडीत एका दमात सांगून टाकला, ‘तुमच्या नुकसानीबद्दल माफ करा, असं म्हणतायत.’ तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग ‘नुकसान?’ एवढंच म्हणालात आणि कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी अर्थ चुकीचा सांगितला, बाबा. आज नीट सांगते.

‘सॉरी’ ऐकलं की आपल्याला माफीच आठवते. शब्द मुळात माफीचा नाही. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, त्यावरून ‘सारिग’ म्हणजे वेदनेने भरलेला, आणि त्याचंच आजचं रूप ‘सॉरी’. दुखऱ्या, हुळहुळ्या जागेला आजही ‘सोअर’ म्हणतात, तो शब्दही त्याच घरातला. साहेबांनी क्षमा मागितली नव्हती. त्यांनाही दुखतंय, असं त्यांनी लिहिलं होतं.

आणि ‘लॉस’. धंद्यातला तोटाही लॉसच, म्हणून मी घसरले. पण माणूस गेला की इंग्रजीत त्याला ‘गमावलं’ म्हणतात, आणि तेव्हा हिशेबाचा वास त्या शब्दाला राहत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भाऊ अंतरला? तेच. हा शब्द त्या वेळी मला सुचायला हवा होता.

पत्रात पुढे ‘ग्रीफ’ आहे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून जे असंख्य शब्द इंग्रजीत आले, त्यांतला हा एक. त्याचं मूळ लॅटिन ‘ग्राविस’, म्हणजे जड. आणि बाबा, ‘ग्राविस’ हा आपल्या संस्कृत ‘गुरु’चा सख्खा भाऊ आहे. लहानपणी वृत्तं शिकवताना तुम्ही मला लघु म्हणजे हलका, गुरु म्हणजे जड, असं बोटांवर मोजून सांगायचात, तोच गुरु. म्हणजे ‘इन युअर ग्रीफ’ लिहिताना ते म्हणत होते, तुमच्यावर केवढा भार आलाय ते मला कळतंय.

शेवटच्या ओळीतला ‘बिरीव्ह्ड’ मी सरळ गाळलाच होता. ज्याचं जवळचं माणूस गेलंय, त्याला हा शब्द लावतात. मुळात अर्थ लुबाडलेला. हातातलं कुणीतरी हिसकावून न्यावं, तसा. काका गेल्याच्या रात्री तुम्ही ‘नेला गं त्याला’ म्हणाला होतात, त्याच्या इतका जवळचा दुसरा शब्द मला इंग्रजीत माहीत नाही.

आई, तुझ्यासाठी एक. साधा ‘सॅड’ शब्द. पूर्वी त्याचा अर्थ होता तृप्त, भरलेला. भरलेल्यावरून जड झाला, जडावरून उदास. ऊर भरून येतो म्हणतेस, तिथपर्यंत हा शब्द त्याच्या वाटेने पोचलाय. मला हे वाचून फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आणखी एक, आई. ‘ग्रीव्ह’ हे इंग्रजीत क्रियापद आहे, आणि त्याला वेळ द्यायचा असतो असं लोक मानतात. आपण ‘किती दुःख करशील’ म्हणतो ते बहुधा थांबवायला. बाबांना इतक्यात थांबवू नकोस. बसू दे त्यांना अंगणाकडे तोंड करून.

बाबा, माझ्या लेखी त्या पत्राचा अर्थ असा: ‘तुमचा भाऊ अंतरला, त्याचं मलाही दुखतंय. तुमच्यावरचा भार मी जाणतो.’ घडी उघडून एकदा वाचा. उत्तर द्यायचं असेल तर मराठीत सांगा, कितीही लांब. मी रविवारी फोन करते, एकेक वाक्य ऐकून इंग्रजीत उतरवते. या वेळी घाई करणार नाही.

तुमची,
धाकटी