लीग पासबद्दल, रागावू नका

नोव्हाय, मिशिगन
२० एप्रिल २०२४

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा मध्येच "बरं, ठेवतो" म्हणतात, म्हणून लिहिते आहे. लीग पास, म्हणजे इथल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या मॅचेस घरी बघायची वर्गणी, मी पुढच्या वर्षासाठी भरलेली नाही. ऑक्टोबरपासून घरच्या टीव्हीवर तुमची डेट्रॉइट पिस्टन्स टीम दिसणार नाही. पैशांचं काही नाही बरं का, उगाच कट्ट्यावर "पोरीला परवडेना" म्हणून सांगत बसाल.

इथली संध्याकाळी सातची मॅच म्हणजे तिकडे थंडीत पहाटेचे साडेपाच. नेमकी तुमची तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायची वेळ. नोव्हेंबरात तळजाई सुटली ती सुटलीच. बीपीची गोळी मॅच संपल्यावर, तीही आईने हातावर ठेवली तर. डॉक्टरांनी डोस वाढवला तेव्हा तुम्ही थंडीचं नाव पुढे केलंत. बाबा, थंडी पुण्यात दरवर्षी पडते. पिस्टन्ससारख्या ओळीने २८ मॅचेस मात्र एका हंगामात एनबीएतल्या कुठल्याच टीमने आजवर हरल्या नव्हत्या.

आईने तुमच्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवला होता. २९ ऑक्टोबर, शिकागो, हिरव्या पेनाने बरोबरची खूण. त्याखाली लाल फुल्याच फुल्या. बॉस्टनच्या फुलीपाशी तर कागद फाटलाय. मध्यंतराला १९ गुणांनी पुढे होतो आणि जादा वेळेत १२८-१२२ ने घालवली, त्या रात्री मलाही जेवण गेलं नाही, त्यामुळे मी काही बोलले नव्हते. पण ३१ डिसेंबरला टोरांटोला दोन गुणांनी हरवलं म्हणून आईला उठवून शिरा करायला लावलात, तेव्हाच मी ठरवलं. (आई म्हणते, शिरा छान झाला होता. असेलही.)

तुमचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणतच नाही. आयव्हीला बाकावर बसवून हेजला खेळवत होते, आणि फेब्रुवारीत हेजला सोडूनच दिलं ना? ब्रुकलिनविरुद्ध केडने ४१ गुण केले तरी हरले. एकट्या पोराने करायचं काय? बाकीचे बॉल दान केल्यासारखा समोरच्याच्या हातात देणार. आणि कोच विल्यम्सचा करार सहा वर्षांचा, ७.८५ कोटी डॉलर्सचा! शेवटी ८२ पैकी १४ जिंकले. क्लबच्या इतिहासात इतका वाईट हंगाम झाला नव्हता. पण तुम्ही सोफ्यावरून ओरडता ते विल्यम्सला ऐकू जात नाही. आईला जातं, खालच्या काकूंना जातं.

मला ठाऊक आहे, तुम्ही ही टीम धरलीत ती मी इथे आहे म्हणून. डेक्कन जिमखान्यावरून बास्केटबॉल खेळून परत येताना मी स्कूटरवर पुढे उभी असायचे, मॅच हरलेली असले की तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत, फक्त रसाच्या गाडीपाशी थांबायचात. अजूनही फ्री थ्रो बघताना माझी बोटं आपोआप फाकतात, "तळवा लावू नकोस चिमे" ऐकू येतं. ते सगळं तसंच आहे बाबा. लीग पास गेला म्हणून आपलं काही जात नाही.

पिंट्या रोज नाश्त्यानंतर दहा मिनिटांचे हायलाइट्स लावून देईल. निकाल आधी सांगायचा नाही, असं त्याला बजावलंय. रविवारी मी व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा हवं तेवढं बोला, विल्यम्सलाही शिव्या घाला.

आता ऐका. गोळी सकाळच्या चहाबरोबर, डबीत वारांप्रमाणे भरून ठेवा. तळजाई सोमवारपासून सुरू, एकटे जाऊ नका, चढ दिसला की हळू. लोणचं आणि पापड आईने वरच्या फळीवर ठेवायचे, आणि आई, ते काढायला तू स्टुलावर चढायचं नाहीस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. बीपीचा आकडा रोज त्याच डायरीत लिहा, हवं तर हिरव्या पेनाने.

रागावलात तर रागवा, पण दोन दिवसांच्या वर नको. मला इथे करमत नाही मग.

तुमची,
चिमी

ता. क. पिंट्याकडे माझा पासवर्ड मागू नका. तुम्ही मागणार हे मी त्याला आधीच सांगून ठेवलंय.