एक जूनवाले

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझं कुरिअर मिळून बारा दिवस झाले. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मग मी 'बरं, तू म्हणशील तसं' म्हणून मोकळा होतो आणि रात्रभर जागा राहतो. म्हणून लिहून राहिलो.

पुण्याजवळ तळेगावकडच्या त्या म्हाताऱ्यांसाठीच्या वसाहतीचं माहितीपत्रक तीनदा वाचलं. कागद काय गुळगुळीत आहे बाप्पा! आपल्या लग्नपत्रिकाही असल्या कागदावर नव्हत्या. मुखपृष्ठावरचं ते पांढऱ्या केसांचं जोडपं चहाचा कप धरून हसतंय, दोघांचेही बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. आत बाथरूममधली ओढायची दोरी, चोवीस तास नर्स, स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट. आणि तिसऱ्या मजल्याच्या नकाशावर तू पेननं दोन शेजारशेजारच्या फ्लॅटांना गोल केलास, एकात 'मी' लिहिलंस, एकात 'तू'. ते पाहून मी थोडा वेळ गप्पच बसलो. वैशालीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, सुध्यानं शेजार पाठवला.

तर आधीच लिहून टाकतो, नाहीतर तू शेवटच्या पानापर्यंत आशेनं वाचशील. मी पुण्याला येत नाही. हे घरही विकत नाही. शिव्या देऊन झाल्या की पुढचं वाच.

परवा सेवापुस्तक तपासायला काढलं होतं. पहिल्याच पानावर जन्मतारीख, १ जून १९६८. गुरुजींची आठवण आली आणि एकटाच हसलो. तुझी आई सांगायची होळीच्या आगेमागे. माझी सांगायची तान्ह्या पोळ्याला. पोट्टे लाकडी बैल घेऊन दारात आले अन् हे आत रडलं. गुरुजींनी कुणाचंच ऐकलं नाही, सगळ्या वर्गाला एक जून देऊन टाकला. आता १ तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून आपली ३१ मे. त्या दिवशी आमच्या विभागात नारळ-शालींची नुसती रांग लागते. आईला साल नक्की आठवत नव्हतं, त्यामुळे मी तीन महिने आधी घरी बसतोय की नऊ महिने उशिरा, ते देवालाच माहीत. कागदावर मात्र तू अन् मी एकाच दिवशी अठ्ठावन्नचे होऊन राहिलो.

(अधिवेशन जवळ आलं की आमच्याकडे 'अठ्ठावन्नचे साठ होणार'ची कुजबुज सुरू होते. पुढच्या महिन्यात पुन्हा होईल. मी कान देत नाही.)

फुटाळा तलावाच्या पाळीवरचं बोलणं मला तुझ्याइतकंच आठवतं. रिटायर झालो की गावाला परत, दोन घरं, मधे एक विहीर. तुझ्या बेतात तो शेजार अजून आहे, फक्त विहिरीच्या जागी लिफ्ट आली. आणि ती का आली, ते मला तुझ्या पत्रातल्या एका ओळीनं कळलं, जी तू घाईघाईत कोपऱ्यात लिहिलीस: 'माझी पेन्शन म्हणजे चहा-बिस्किटांची.' मी इथल्या एका खाजगी कंपनीतून निघालेल्या शेजाऱ्याकडून ते गणित समजून घेतलं. ईपीएसमध्ये, म्हणजे खाजगी नोकरीवाल्यांच्या पेन्शन योजनेत, पगार कितीही असो, सहसा १५,००० धरायचा, नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, ७० नं भागायचं. पस्तीस वर्षं घासली तरी महिन्याला साडेसात हजार, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. आज साडेसात, पंच्याऐंशीव्या वर्षीही साडेसात. मग तुझी भिस्त कशावर, तर फंडाचे पैसे आणि साठीनंतर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तीस लाख टाकले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५००. आवक ठरलेली, म्हणून तुला खर्चही ठरलेला हवा. आधी मला वाटायचं तू पुण्यात राहून भित्रा झालास. तसं नाही. माझी मूळ पेन्शन चाळीस हजारांच्या घरात बसते, वर महागाई भत्ता वाढत जातो. मला बगीच्याची स्वप्नं पडतात कारण माझ्या मागे कोषागार उभं आहे. यात शौर्य काही नाही.

बगीच्याचं सांगतो. काटोलची आमच्या वाट्याची पावणेदोन एकर दादानं इतकी वर्षं कापूस-तुरीत ठेवली. त्याचे गुडघे गेले, आता तो म्हणतो तू पाह्य. माझ्या मनात संत्रा. सहा बाय सहा मीटरवर एकरी एकशे दहाच्या आसपास झाडं, ठिबक, तारेचं कुंपण, विहिरीत अजून थोडं खोदकाम. पैसा कुठून? तर अंशराशीकरण, म्हणजे आमच्या भाषेत पेन्शन विकणं. चाळीस टक्क्यांपर्यंत विकता येते. महिन्याचे सोळा हजार सोडायचे आणि साधारण सोळा लाख हातात घ्यायचे. पंधरा वर्षांनी ते सोळा हजार पुन्हा सुरू होतात. मी अर्ज मनातल्या मनात भरूनही टाकला होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी वैशालीला घेऊन कलमं पाहायला गेलो. आंबिया बहार तोडणीला आलेला, रस्त्यानं नुसते क्रेट. नर्सरीवाला आपल्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. त्यानं एक कलम उचललं, बुडाशी बोट लावलं आणि जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कुठे भरलाय ते दाखवलं. जमिनीपासून वीतभर वर पाहिजे, खाली असला की मातीतलं पाणी लागून डिंक्या रोग येतो. मग खोडावर बोर्डो पेस्ट किती उंच लावायची, ताण कधी द्यायचा, सगळं सांगितलं. मी डायरीत टिपत होतो. मधेच थांबून त्यानं विचारलं,

"साहेब, उमर काय तुमची?"

"अठ्ठावन्न होईल."

"मंग पोट्टे पाह्यतीन का बगीचा?"

"पोट्टे बाहेर आहेत. एक हैदराबादला, एक बंगलोरला."

"हां," म्हणाला, आणि कलम परत ओळीत ठेवलं. "पाच वर्षं तं नुसतं खर्चाचंच काम राह्यते." बस, एवढंच. पण ते कलम ठेवण्याची त्याची रीत, जशी दुकानदारानं महागडी साडी घडी करून परत कपाटात ठेवावी.

परत येताना कळमेश्वरपर्यंत वैशाली काही बोलली नाही. मग म्हणाली, "चौसष्ट." मी विचारलं, काय चौसष्ट? "पहिलं पीक चौसष्टाव्या वर्षी. अन् तुमचे सोळा हजार परत येतील त्र्याहत्तराव्या वर्षी. तोवर झाडंही म्हातारी." गणित शिकवते ना. मी म्हटलं, त्र्याहत्तर म्हणजे काही फार नाही. "फार नाही," म्हणाली, "पण फवारणीचा पंप पाठीवर कोण घेईल?"

सुध्या, याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या आठवड्यात सासऱ्यांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत नेलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, शिक्षकाची पेन्शन. अंगठा मशीनवर तीनदा लावला, उमटेना. खिडकीतला पोरगा म्हणाला, काका, उद्या या. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो, मी मोबाइलवर ते चेहरा ओळखणारं उघडलं. फोन म्हणतो डोळे मिचकावा. सासरे म्हणाले, कुणाला? एवढे हसलो की पहिला फोटो हलला. दुसऱ्या खेपेला मिचकावले आणि सरकारदरबारी ते वर्षभरासाठी जिवंत झाले. येताना रिक्षात म्हणाले, "अंगठा खडूनं गेला." त्या ओट्यावर मला तुझ्या बाथरूममधल्या दोरीची आठवण झाली होती, हे कबूल करतो.

आता खरी गंमत ऐक. तुझ्या माहितीपत्रकावर आमच्या घरात जर कुणी भाळलं असेल, तर ती वैशाली. लिफ्ट नाही, नर्स नाही. तिनं बोट ठेवलं ते 'सामायिक भोजनगृह' या ओळीवर. विचारते, "सकाळचा चहासुद्धा तेच देतात?" मी म्हटलं, बहुतेक. "मग सुधाकर भाऊजींना कळवा, दोन वर्षांनी मी एकटी येते." तिची नोकरी अजून दोन वर्षं आहे, म्हणजे १ जूनपासून ती सकाळी साडेसहाला शाळेत आणि मी घरी. मी विचारलं, तुला साठीनंतर काय हवं? तेहतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं असेन. मला वाटलं काशी म्हणेल, नाहीतर कोकण. आपण झिरो माइलवाले, तिनं समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला. ती म्हणाली, "आज भाजी काय करू, हा प्रश्न मला पडायला नको."

तू आणि मी फुटाळ्यावर घरं बांधली, विहीर खोदली, त्या विहिरीवरून पाणी कोण आणणार हे आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. लग्नं व्हायची होती म्हण, पण झाल्यावर तरी कुठे आलं? माहितीपत्रक पाठवण्याआधी तू वहिनींना विचारलंस का रे? त्यांची ती सगळी ज्येष्ठा गौरींची मंडळी, भिशी, सिंहगड रोडची मैत्रिणींची फेरी, हे सगळं सोडून तळेगावकडे जायला त्या तयार आहेत? खरं खरं लिही.

तर सध्या असं ठरलंय. पेन्शन चाळीस नाही, दहा टक्केच विकायची. चार लाखांच्या आसपास येतील. ग्रॅच्युइटीला हात लावायचा नाही. संत्रा अर्ध्या एकरात, पन्नास झाडं, बाकी दादाच्या पोराला बटईनं. काटोलला आठवड्यातून दोन दिवस, मुक्काम नाही. संध्याकाळची भाजी आठवडाभर माझ्याकडे आहे, सराव म्हणून. सोमवारी भरीत केलं. चांगलं झालं म्हणून मंगळवारी पण भरीत केलं. बुधवारी वैशालीनं पिशवीतली वांगी शेजारी देऊन टाकली.

ती पूर्ण खुश आहे असं नाही. पन्नास झाडंही तिला जास्तच वाटतात. मलाही झाडं पन्नासावर आणताना पोटात तुटलंच. आणि तुझ्याजवळ नाही राहणार याचं काय वाटतं, ते इथे लिहीत नाही.

पण एक कर. तो फ्लॅट घ्यायचा तर घे, तुझ्यासाठी तो बरोबरच आहे. फक्त शेजारच्यात 'तू' लिहिलंय ते खोडून टाक, आणि दरवर्षी थंडीत दोन महिने इकडे ये. वरची खोली रिकामी आहे, संडास-बाथरूम वेगळं. अजनीची वंदे भारत ऑगस्टपासून सुरू झाली, सकाळी पुण्याहून बसलास की संध्याकाळी इथे. सकाळी तर्री-पोहे, मग अंबाझरीवर चक्कर. बाथरूममध्ये दोरी बांधून देतो, खालच्या घंटीला जोडून. हसू नकोस, खरंच देतो.

आणि पहिल्या खेपेला थंडीची वाट पाहू नकोस. खड्डे मे महिन्यात खोदून उन्हात तापवायचे आहेत, मृगाचा पाऊस पडला की लागवड. ३१ मेला तूही मोकळा, मीही मोकळा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ये. पन्नास खड्डे आहेत आणि दादाचे गुडघे गेलेत. जुने बूट आण, ते पांढरे नको. आणि पाठीला पट्टा बांधत असशील तर तोही आण, माझा आहे तो तुला ढिला होईल.

वहिनींना नमस्कार. त्यांचं उत्तर वेगळ्या कागदावर त्यांच्याच हातानं लिहून पाठव.

तुझा,
मन्या

ता. क. वैशाली विचारते, त्या भोजनगृहात रविवारी काय असतं?